भुरीचं जेवण आणि मेस हवालदार

फौज सोडल्यावर माझं पोस्टिंग सुरतेला झालं. हुकूम बायकोचा होता. मंगलचे भाऊ तिथल्या लिंबायत भागात कापडाच्या लूमवर कामाला, म्हणून आम्हीही लिंबायतला आलो. मी एका साडी मार्केटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो. घरात मंगल कमांडिंग ऑफिसर, मी जवान, आणि आम्हा दोघांच्या वर भुरी. भुरी ही मंगलची मांजर. रंगाने करडी, वजनाला जवानाच्या पाठीवरच्या भरलेल्या पिट्ठूएवढी.

नागरी वाचकांना आधीच सांगतो, माझ्याकडे गोळीबाराच्या गोष्टी नाहीत. मी बटालियनचा मेस हवालदार होतो. माझी मोठी लढाई कारल्याशी झाली. डोंगरातल्या पोस्टवर एक नवा जवान म्हणाला, "उस्ताद, कारलं नाही खात." मी त्याचं ताट झाकून ठेवलं. पुढच्या जेवणाला तेच ताट. त्याच्या पुढच्यालाही तेच. थंडी अशी की काही नासायची सोय नव्हती. शेवटी त्याने खाल्लं, वर अजून मागितलं. मागितलं ही थाप आहे, पण मी ती इतक्या वेळा मारली की आता मलाच खरी वाटते. भूक सगळ्यांना शिस्त लावते हा धडा मी तिथे घेतला आणि पेन्शनबरोबर घरी आणला.

भुरीच्या जेवणात शिस्त औषधालाही नव्हती. वाटीशेजारी पाणी ठेवलं तर ते सोडून बाथरूमच्या बादलीतलं पिणार. खोल वाटीतला मासा पंजाने बाहेर ओढून फरशीवर खाणार. पोट भरलं की वाटीभोवतीची फरशी खरवडणार, जणू घाण झाकते आहे. चोवीस वर्षांच्या कुकहाउसच्या अनुभवात माझ्या जेवणाचा असा अपमान कुणी केला नव्हता.

"तिला तशीच सवय शे," मंगल तिच्या अहिराणीत म्हणायची. "तुम्ही नका शिकाडा."

उन्हाळ्यात मंगलच्या भाचीचं बाळंतपण आलं आणि मंगल अमळनेरला गेली. जाताना ऑर्डर दिली. भुरीला जंताची गोळी द्यायची आहे. तोंड उघडून जिभेच्या मागे टाकायची. वाटीत कालवायची नाही.

सोमवारी मी गोळी वाटीत कालवली. एका जनावराचं तोंड उघडायला दोन हात कमी पडतात हे कबूल करण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं. उकडलेल्या बोंबलात गोळी कुटून टाकली. भुरी आली, तिने वाटी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पुढच्या जेवणाला हेच."

मंगळवारी तेच बोंबील फ्रिजमधून काढून ठेवले. तिने लांबूनच वास घेतला. दुपारी ड्यूटीवरून आलो तर माझ्या चपलेत अर्धमेली पाल. शेजारी भुरी बसलेली.

"रेशन सोडून बाहेरचं खातेस?" मी ओरडलो. पाल खिडकीबाहेर फेकली. भुरी कपाटाखाली गेली.

संध्याकाळी मंगलचा फोन.

"खादं का मन्ही पोरनी?"

"खाल्लं. ऑल ओके."

"बठ्ठं?"

"बठ्ठं. वाटी साफ."

फौजेत खोटा रिपोर्ट हा गुन्हा आहे. मला वाटलं, उद्या ती खाईलच, मग रिपोर्ट खरा होईल. बुधवारी ताजा मासा आणला, पण त्याच वाटीत वाढला. ती वाटीकडे यायलाच तयार नव्हती. बुधवारचा रिपोर्टही ऑल ओके.

गुरुवारी ती कपाटाखालून बाहेर आली नाही. ओढून काढली तर कानाच्या आतली कातडी पिवळी. तिला मार्केटच्या पिशवीत घातलं आणि रिक्षाने पर्वत पाटियाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, गुजराती.

"काका, कब से नहीं खाया?"

"सोमवारपासून."

"और आप क्या कर रहे थे?"

"वाट बघत होतो. भूक लागली की खाईल म्हणून. फौजेत जवानांना असंच शिकवायचो."

त्यांनी भुरीच्या हिरड्या पाहिल्या आणि आवाज खाली आणून गुजराती-मराठी मिसळत म्हणाल्या, "काका, आ बिलाडी छे, जवान नथी. कडवी गोळी एकदा ज्या वाटीत लागली, ती वाटी तिच्यासाठी संपली. मग उपाशी राहील, पण तोंड लावणार नाही. आणि जाडं मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर येते. लिव्हर बंद पडतं."

मी पालीचंही सांगितलं. मला वाटलं, निदान ती बाहेर काही खात होती.

"खाल्ली होती का?"

"नाही. माझ्या चपलेत ठेवली होती."

"कुणी म्हणतं, मांजरी पिल्लांना असं आणून देते. पक्कं कुणालाच माहीत नाही." त्या सिरिंज भरू लागल्या.

मी स्टुलावर बसलो. रेशन वाटण्यात माझी सगळी नोकरी सरली. स्वतः उपाशी राहून माझ्यापुढे काही आणून ठेवणारं दुसरं कुणी मला आठवेना.

दवाखान्याच्या पायरीवर असतानाच मंगलचा फोन आला. भाचीला नुकतंच लेबर रूममध्ये नेलं होतं.

"खादं का तिनी?"

"खाल्लं," मी म्हणालो. "तू तिकडे बघ."

सलाइन झालं, सिरिंजने खाणं झालं. मी मार्केटमधून रजा घेतली. भुरीला मांडीवर घेऊन बसायचो. तिला ते कधीच आवडायचं नाही, पण आता उठून जायची ताकद नव्हती. शनिवारी संध्याकाळी बोटावर दही घेऊन तिच्या नाकापाशी धरलं. तिने दोनदा चाटलं. मी इतका खूश झालो की डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बहु सारू, काका." रविवारी सकाळी भुरी गेली. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत मी खड्डा खणला. ट्रेंच खणायचं शिक्षण तेवढं कामी आलं.

सोमवारी मंगल आली. हातात बाळंतपणाच्या डिंकलाडवांचा डबा. दारातूनच हाक मारली, "भुरे!"

मी तिला खुर्चीवर बसवलं आणि उभ्याने सगळं सांगितलं. गोळी, वाटी, पाल, पायरीवरचा फोन. काही गाळलं नाही. ती रागावेल अशी तयारी ठेवली होती. ती रागावली नाही. ते जास्त जड गेलं. बराच वेळ ती डब्याचं झाकण दाबत बसली, लागलेलंच होतं तरी.

मग म्हणाली, "शेवटलं काय खादं तिनी?"

"दही. माझ्या बोटावरचं. दोनदा चाटलं."

"खोटं नका बोला."

"खोटं नाही."

तिने माझा हात ओढून घेतला आणि ते बोट उलटसुलट करून पाहिलं.

"खरबडी लागस ना तिनी जीभ?"

"हो," मी म्हणालो. "लागते."