गायकवाडकाकांची खरेदी

स्वतःच्या घराची किल्ली खिशात असताना बेल वाजवून "दुकान उघडं आहे ना?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कोपरच्या बिल्डिंगमधले, समोरच्या दारातले गायकवाडकाका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गेलं यांचं डोकं! डोकं जात होतं ते काकूंचं, हे मला नंतर कळलं.

शांताकाकूंनी उभा जन्म कल्याणच्या एका साडीच्या दुकानात काढलेला, तोही अक्षरशः उभ्यानंच. मूलबाळ नव्हतं. विसरण्याचा आजार जडला तशी नाती पुसली गेली, नवरा पुसला गेला, दुकान तेवढं राहिलं. काका सुरुवातीला समजवायचे, "अगं शांता, मी तुझा नवरा!" एकदा त्यांनी हात धरला, तर काकूंनी "शेठ, बघा हा माणूस काय करतोय!" असं ओरडून अख्खा मजला गोळा केला. मीही धावले. काका भिंतीला टेकून मान खाली घालून उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते बेल वाजवून गिऱ्हाईक म्हणून घरी यायला लागले.

त्यांना ते जमलं, कारण त्यांचा जोडधंदाच तो होता. कंपनीतून रिटायर झाल्यावर ते पगारी गिऱ्हाईक झाले होते. एजन्सीचा फोन यायचा, ठाण्याच्या अमुक दुकानात जा, मिक्सर बघायचा आहे असं सांगा, तिथली माणसं नीट बोलतात का, पाणी विचारतात का, ते गुपचूप बघून आम्हाला कळवा. मला हे सगळं थोतांड वाटायचं. "फसवतील काका तुम्हाला," मी म्हणायचे. पण पैसे वेळेवर यायचे, आणि काकूंजवळ दिवसभर बसणाऱ्या रंजनाबाईंचा पगार त्यातूनच निघायचा. तो निघाला नसता, तर काकूंना कुठल्यातरी संस्थेत ठेवावं लागलं असतं. काकांना काहीही झालं तरी ते नको होतं. "तिकडे ती कुणाला साड्या दाखवणार गं?" एवढंच म्हणायचे.

एकदा मी त्यांची मुलगी बनून ठाण्याला सोबत गेलेले. चपलांच्या दुकानातली पोरगी आम्हाला बघून स्टुलावरून उठलीच नाही. बसल्या बसल्याच "बोला" म्हणाली. माझं टाळकं सटकलं. बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, हिचं नाव कळवाच." काकांनी बाकावर बसून मोबाइलवर सावकाश टाइप केलं, 'मुलगी उठली नाही. पाय सुजले आहेत. स्टूल काढून घेऊ नये.' एजन्सीवाल्यांनी झापलं, तुमचं मत कुणी विचारलंय म्हणून. काका नुसते हसले.

"अगं मीना, गिऱ्हाईक व्हायलाही अक्कल लागते. शांता कामावरून यायची ना, तेव्हा मी आधी तिचे पाय गरम पाण्यात ठेवायचो. त्या एसीत बसलेल्यांना काय माहीत?"

संध्याकाळी मी दुधाचं पातेलं द्यायला जायचे तेव्हा घरातली खरेदी रंगात आलेली असायची. काकू दिवाणावर चादरी, टॉवेल, स्वतःच्याच साड्या मांडून बसलेल्या, आणि काका समोर खुर्चीत, चपला बाहेर काढून, परक्यासारखे अवघडून.

"कुणासाठी हवी, दादा?"

"बायकोसाठी."

"रंग कसा आहे त्यांचा?"

"सावळी आहे. तुमच्यासारखीच."

"मग ही मोरपंखी घ्या. छान खुलेल."

"जरा दुसरी दाखवता का?"

ती मोरपंखी साडी काकांनीच कधीतरी काकूंच्या दुकानातून काकूंना घेतलेली. काकू मुळीच कंटाळायच्या नाहीत, पुढची घडी उलगडायच्या. कंटाळायचे ती मीच.

"काका, घेऊन टाका की एकदाची!" एक दिवस मी वैतागून म्हटलं. "रोज काय छळता बिचारीला?"

काका मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन आले. "एकदा घेतलेली गं. तिनं पिशवीत घालून दिली. म्हणाली, 'आवडली नाही तर परत या, बदलून देऊ.' आणि दाराशी जाऊन उभी राहिली. घेतलं की गिऱ्हाईक जातं, मीना. मग मला जावंच लागलं. रंजनाबाईंनी बोलवेपर्यंत जिन्यात बसून होतो. तेव्हापासून नुसता बघतो. बघणाऱ्याला ती बसू देते."

मी घरी आले आणि ओट्याला टेकून रडले. माझा नवरा मला रोज नावानं हाक मारतो, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात काका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. आजारी त्या आणि गेले हे! मला तर संतापच आला, कुणावर ते कळेना. पाहुणे आले, विठ्ठलवाडीहून त्यांचे भाऊ आले, सगळे पांढऱ्या कपड्यांत. काकांना हॉलमध्ये ठेवलेलं. त्रिसरण-पंचशील झालं. काकूंना आतच बसवायचं ठरलेलं, पण माणसांची चाहूल लागली तशा त्या बाहेर आल्या.

"एवढी गर्दी, आणि सगळ्यांना पांढरंच हवंय," त्या रंजनाबाईंना म्हणाल्या. मग त्यांना काका दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे दादा रोज येतात. बायकोसाठी हवी असते, पण यांना पसंतच पडत नाही."

कुणीतरी त्यांना आत न्यायला उठलं, तर त्या आपणहूनच आत गेल्या. आल्या त्या मोरपंखी साडी घेऊन. काकांजवळ बसून त्यांनी तिची नीट घडी घातली, ती त्यांच्या छातीवर ठेवली आणि सुरकुती राहू नये म्हणून वरून हात फिरवला.

"आता घ्याच ही, दादा. आवडली नाही त्यांना, तर परत या. बदलून देऊ."

ती साडी उचलायला कुणाचाच हात धजेना. काकू मात्र उठल्या, आणि गिऱ्हाईकाला वाट द्यायला दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.