ग्रहणात धरलेली करंजी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं मी सांगतोय ती माझी फजिती आहे आणि मला मध्ये कुणी हसलेलं चालत नाही!

आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. वडील भिक्षुक. म्हणजे घरात सकाळी रुद्र, शाळेत दुपारी रसायन. आबांना त्यात काही खटकत नसे, खटकायचं ते मलाच. नवं नवं शिकलेलं पोर! कुणी देवाचं नाव काढलं की मी पुरावा मागायचो. प्रसाद हातावर पडला तरी मागायचो. आबा म्हणायचे, "पुरावा मंग माग, आधी तो पेढा खाय."

अशात अकोल्याहून स्थळ आलं. मुलगी कुसुम, मॅट्रिक झालेली. तिचे वडील वकील आणि पक्के सुधारक. मुलगी बघायला गेलो आणि काय सांगू, तिनं एकदाच वर पाहिलं आणि माझं सगळं भौतिकशास्त्र बसलं! हेच घर, हीच मुलगी. दुसरं काही नको.

पण वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

"मास्तर, तुम्ही भिक्षुकाचे चिरंजीव. माझ्या घरात सोवळंओवळं चालत नाही. पुढच्या महिन्यात सूर्यग्रहण आहे. पाळता?"

"छे हो!"

"मग ऐन ग्रहणात माझ्या अंगणात, चारचौघांसमोर फराळ कराल?"

"एक ताट कशाला, दोन मांडा!" मी म्हणालो. पलीकडच्या खोलीत बांगड्या वाजल्या. मला वाटलं, कौतुकानं वाजल्या असतील. हो, तेव्हा मला सगळं कौतुकच वाटायचं!

ग्रहणाच्या दिवशी निघताना आबांना म्हटलं, "मी आज खाणार आहे बरं का." रागावतील म्हणून मी भाषणही तयार ठेवलं होतं. आबा नुसते म्हणाले, "खाचं असन तं खाय बावा. पर वर एकडाव पाहून घेजो. लोकं खाऊ का नोको यातच ग्रहण घालवतात." माझं भाषण तसंच राहिलं. गाडीत अकोल्यापर्यंत मी ते मनातल्या मनात म्हटलं.

वकीलसाहेबांच्या अंगणात एक भलामोठा कडुनिंब होता. त्याखाली पाट मांडलेले, पुढं ताटं, ताटांत कुसुमच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या हातच्या करंज्या. वकीलसाहेबांचे तीन-चार सुधारक मित्र कोट घालून पाटांवर बसलेले. कुसुम दारात. आणि कुंपणाला टेकून हिवरखेडचे एक पाटील. ते वकिलांचे पक्षकार, कामासाठी आले होते आणि ग्रहणामुळे अडकून पडले होते. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता त्यांनी.

मी काचेचे तुकडे काजळी धरून आणले होते. ते सगळ्यांना वाटले. मग एका हातात संत्रं आणि एका हातात बोर घेऊन व्याख्यान ठोकलं. हा सूर्य, हा चंद्र, ही सावली! संपलं! राहू नाही, केतू नाही!

पाटील शांतपणे ऐकून म्हणाले, "सावली तं सावली जी. पर घरचं मानूस तकलीफमदी असलं म्हंजे आपल्या घशाखाली घास उतरते का? सूर्यदेव आमचा घरचाच हाये. म्हून नाही खात. तुमचं तुमी खा."

माझं बोर खिशात गेलं. मी घाईघाईनं घड्याळ काढलं आणि म्हणालो, "चला, वेळ झाली."

उजेड विचित्र झाला होता. ढग नाही, धूळ नाही, ऊन आहे आणि तरी ऊन नाही. चिमण्या गप्प. वकीलसाहेबांची गाय उगीचच गोठ्याकडं निघाली. पाठीवरून शहारा गेला, पण मी तो दाबला. कुसुम बघत होती ना!

मी पाटावर मांडी घातली. सगळे माझ्याकडं पाहतायत. आणि इथं माझा घात झाला.

तुम्ही कधी भिक्षुकाच्या घरी वाढलात का? नाही ना? मग तुम्हाला नाही कळायचं. मुंज झाल्यापासून ताटावर बसलो की हात आपोआप चालतो. पुढं ताट आलं की त्याच्याभोवती पाणी फिरवायचं, बाजूला चित्राहुती घालायच्या, मग आचमन. त्यात डोक्याचा काही संबंधच नाही! माझ्या हातानं तांब्या उचलला, ताटाभोवती पाणी फिरवलं, करंजीचा तुकडा मोडून त्याच्या चिमुकल्या चित्राहुती मांडल्या, आणि तोंडातून खणखणीत आवाजात निघालं, "प्राणाय स्वाहा!"

विज्ञानाचा विजय सिद्ध करायला बसलेला मास्तर ग्रहणात मंत्र म्हणून राहिला होता!

दारात कुसुमनं पदर तोंडात कोंबला. एका सुधारकाला हसू दाबताना ठसका लागला. वकीलसाहेब थंडपणे म्हणाले, "मास्तर, हे काय?"

"हे... हे मुंग्यांसाठी," मी म्हणालो. "पाणी फिरवलं की मुंग्या ताटात येत नाहीत. शास्त्रीय आहे."

"आणि स्वाहा?"

मी ताटाभोवती एखादी तरी मुंगी शोधू लागलो.

"तेही मुंग्यांसाठी?"

लग्न गेलं, हे मला स्वच्छ दिसलं. आता एकच उपाय, आख्खी करंजी एका घासात तोंडात घालायची! मी करंजी उचलली, तोंडापर्यंत नेली, आणि हात तिथंच थांबला.

माझ्या मनगटावर उजेडाची एक कोर पडली होती.

लहानशी. बारीक. अगदी बीजेच्या चंद्रासारखी. मी हात हलवला, तर कोर तिथंच राहिली आणि दुसरी मनगटावर आली. ताटात पाहिलं, ताटभर कोरी. धोतरावर कोरी. साऱ्या अंगणात, पाटांवर, गायीच्या पाठीवर, शेणानं सारवलेल्या जमिनीवर शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या, आणि वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या.

"हलू नका!" मी ओरडलो. "वकीलसाहेब, जागचे हलू नका! तुमच्या टकलावर सूर्य आहेत!"

भावी सासऱ्याला कुणी असं बोलतं का? पण मला कुठलं भान! मी उठून त्यांच्या डोक्यावर वाकलो. चांगले पाच-सहा ग्रहण लागलेले सूर्य तिथं चमकत होते.

अहो, मी वर्गात खोक्याला भोक पाडून दाखवायचो! भोकातून उजेड आला की समोर सूर्याचं चित्र पडतं, हे मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. आणि कडुनिंबाच्या पानांमध्ये तीच भोकं असतात, हे कधी डोक्यात आलं नाही. म्हणजे झाडाखाली रोज जे उन्हाचे गोल ठिपके पडतात ना, ते नुसते ठिपके नाहीत. प्रत्येक ठिपका सूर्याचं चित्र! जन्मभर मी सूर्य तुडवत शाळेत गेलो आणि वर्गात जाऊन सूर्य शिकवला!

मी हे सांगत होतो की नुसताच बडबडत होतो, कोण जाणे. वकीलसाहेबांनी आपले हात पुढं केले आणि तळव्यांवरच्या कोरी बघत राहिले. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. कुसुमनं जमिनीवर पदर पसरला आणि त्यात उजेड घेतला. कुंपणापाशी पाटलांनी पागोटं काढलं. त्यांच्या पांढऱ्या केसांवरही त्याच कोरी होत्या.

"अरे बाप्पा," ते हळूच म्हणाले, "मी वर पाहून राह्यलो होतो, अन् देव तं अंगणात येऊन बसला!"

मी 'देव नाही, प्रतिमा' असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. सावली आहे हेही मला ठाऊक होतं आणि हे पायांशी येऊन बसलंय हेही दिसत होतं, आणि खरं सांगतो, त्या दोहोंत काही भांडण आहे असं मला त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही. हळूहळू कोरी जाड झाल्या, फुगल्या, आणि एक एक करत गोल झाल्या. चिमण्या बोलायला लागल्या.

"सुटलं!" पाटील म्हणाले.

मी भानावर आलो. पाहतो तर माझे दोन्ही हात छातीशी जोडलेले. आणि मध्ये करंजी! चुरा होऊन बाह्यांत सांडत होती.

"मास्तर," वकीलसाहेब म्हणाले, "फराळ राहिला."

मी मान खाली घातली. संपलं सगळं! तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाबा, तुमचंही ताट तसंच आहे की."

वकीलसाहेबांनी खाली पाहिलं. त्यांचं ताट भरलेलं. मित्रांची ताटं भरलेली. एकाही सुधारकानं करंजी मोडली नव्हती.

"मी... म्हणजे आम्ही," वकीलसाहेब खाकरले, "मास्तरांनी सुरुवात करायची वाट पाहत होतो."

"पाहा!" कुंपणापासून पाटील म्हणाले. "अन् मी समजून राह्यलो होतो का उपास मले एकट्यालेच हाये. आता आंघोया करा अन् खा सारे."

लग्न झालं, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण फजिती तिथं संपली नाही. अमरावतीत आबांनी विचारलं, "खाल्लं?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण माझं 'नाही' आईनंही ऐकलं! आठ दिवसांत साऱ्या गल्लीत मी कडक ग्रहण पाळणारा मास्तर झालो आणि बाया मला मुहूर्त विचारू लागल्या. तिकडं अकोल्यात सासरे बाररूममध्ये सांगत सुटले की आमच्या जावयानं ऐन ग्रहणात करंजी हातात घेतली. वकील माणूस! 'खाल्ली' कधी म्हणाले नाहीत, 'हातात घेतली' एवढंच. त्यामुळं अकोल्यात मी नास्तिक आणि अमरावतीत सोवळा. बडनेऱ्याला गाडी बदलली की मी धर्मही बदलायचो.

एकदा न राहवून कुसुमला विचारलं, "तू त्या दिवशी माझी बाजू काहून घेतली? विज्ञान आवडलं की भक्ती?"

"यातलं काही दिसलंच नाही मले," ती म्हणाली. "त्या काचेची सारी काजळी तुमच्या नाकाले लागली होती. डोळ्यांत पाणी, हातात करंजीचा चुरा, अन् माझ्या बाबांच्या टकलावर बोट ठेवून सूर्य मोजणं चालू होतं. म्हटलं, ह्या माणसाले एकटं सोडणं बरं नाही."