ब्रेकबाईंचा दुय्यम विषय

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ब्रेकबाईंनी दिवसातला पहिला ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर तर्कशास्त्राचे प्राध्यापक होते. चौक मोकळा आहे याची खात्री करता करता ते फुटपाथकडे निघाले होते.

"सर, समोर बघा."

"डावीकडून कोणी येत नाहीये, याला पुरावा काय?"

"मी."

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. ड्रायव्हिंग स्कूल दोघांचं. फोन नवरा सांभाळतो, शिकाऊ माणसं बाई. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, नाव त्यावरून पडलं. घरी टीव्हीवर कोणी गाडी पळवू लागलं की बाईंचा पाय आपोआप सतरंजी दाबतो.

घाबरलेल्या माणसांशेजारी वीस वर्षं बसून काढल्यावर, माणूस का घाबरतो हे कळावं म्हणून त्या विद्यापीठात मानसशास्त्राची पदवी करताहेत. तिला मायनर, म्हणजे एक दुय्यम विषय जोडायचा का, हे आज पाचच्या आत कळवायचं होतं. मनात तर्कशास्त्र होतं. कारण अगदी घरगुती. नवऱ्याशी एकही वाद त्या आजवर जिंकल्या नव्हत्या आणि तो नेमकी लबाडी कुठे करतो, ते सापडत नव्हतं.

अडचण एवढीच, की तो विषय शिकवणारा माणूस शेजारी घामाघूम होऊन बसला होता.

बंद गोदामाच्या आवारात बाईंनी पत्र्याचे चार डबे मांडले. "आता रिव्हर्समध्ये आत घ्या. आणि सर, मी तुमचा मायनर घेऊ का?"

"मुळीच नको!" प्राध्यापकांनी गिअर टाकला. "सकाळी तुम्ही मला झापणार, अकराला मी तुम्हाला शिकवणार. मुलांना कळलं, मी टेस्टमध्ये दोनदा नापास झालोय, तर?"

"मी कशाला सांगू?"

"सांगणार नाही, हे गृहीतक झालं. शिवाय दुय्यम विषय घेणारे निम्मे लोक मुख्य विषयात मागे पडतात. शिवाय तुमचं वय..."

"माझं वय काय?"

"काही नाही. शिवाय..."

"सर, गाडी लागली."

प्राध्यापकांनी आरशात पाहिलं. चारही डबे उभे होते. मधोमध गाडी.

"बोलताना तुम्हाला गाडी येते," बाई म्हणाल्या. "भीतीला जागाच उरत नाही."

"एका उदाहरणावरून नियम निघत नाही, बाई."

"मग आता गप्प बसून लावा."

गप्प बसून त्यांनी दोन डबे आडवे केले. मग बाईंनी मुद्दाम विचारलं, की तर्कशास्त्र शिकून कोणाचं भलं झालंय. त्यावर चिडून बोलता बोलता त्यांनी गाडी परत सरळ रेषेत लावली. उतरताना मात्र ते एवढंच म्हणाले, "तीन उदाहरणंही कमीच पडतात." बाईंना ते पटलं आणि आवडलंही.

दुपारी जेवताना नवऱ्याने विषय काढला. "अगं, तुझ्या चुलतबहिणीने मायनर घेतला आणि चार महिन्यांत सोडला. तू घेतलास तरी तेच होणार."

बाईंनी घास खाली ठेवला. "अहो, एका उदाहरणावरून नियम निघत नाही."

नवऱ्याने तोंड उघडलं. पाणी प्यायला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा पाणी प्यायला. बाईंनी हात धुतले आणि विद्यापीठात जाऊन मायनर नोंदवून आल्या. वाटेत प्राध्यापकांना फोन केला. "गाडीतलं वर्गात नाही, वर्गातलं गाडीत चालेल. रोज सकाळी मी शंका विचारणार, तुम्ही चिडायचं आणि गाडी लावायची."

पलीकडून आधी प्रश्नच आला. "टेस्ट कधी आहे माझी?"

"पुढच्या गुरुवारी."

"शंका भरपूर आणा."

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गाडीत शिकणार तू, आणि गाडीची फी तोच भरणार?"

"तेच तर मी म्हणतेय," बाई म्हणाल्या. प्रत्येक वादाच्या शेवटी हे वाक्य बावीस वर्षं त्याचं होतं.

उद्या सातला प्राध्यापक आहेत. अकराला बाई वर्गात असतील, म्हणून अकराच्या शिकाऊला नवरा घेऊन जाईल. शिकवायची गाडी बाई विद्यापीठात नेणार, म्हणून घरच्या जुन्या गाडीतून. तिला दुसरा ब्रेक नाही.