विहीणबाईंना उलटा आहेर

१९९६ साल, आणि मला सत्तरावं लागलेलं. रविवारी सकाळी मी दाढीला बसलेलो, गालाला साबण. फोन वाजला. सूनबाईनं उचलला, आणि तिचा चेहरा बघूनच मी वस्तरा खाली ठेवला. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई सुमनताई, पहाटे झोपेतच गेल्या. डोंबिवलीला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. स्मिता रडायला लागली, माझा वसंता तिला धरून बसला, आणि मी मात्र तसाच साबण लावलेला, मनात एकच... आता माझा निकाल कोण सांगणार? कारण आदल्याच दिवशी, शनिवारी, मी त्यांना एक इंग्रजी शब्द नेऊन दिलेला. आहेर म्हणून. त्यांनी ऐकला, मान डोलावली आणि म्हणाल्या, "उद्या सांगते." शब्द पटला की नाय पटला, ते उद्या. आणि उद्या उजाडला तो असा.

आता इंग्रजी शब्दाचा आहेर ही काय भानगड, ते सांगतो. मी मूळचा ठाण्याजवळच्या बाळकुमचा कोळी. खाडीवर जाळी टाकण्यात जन्म गेला. शाळा तिसरी, तीही अर्धी, कारण मास्तरानं छडी उगारली आणि मी ती मोडून घरी आलो. विहीणबाई कोकणातल्या, डोंबिवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. वसंता आणि स्मिता एका कंपनीत कामाला, तिथंच जमवलं दोघांनी. लग्न पंच्याऐंशीला डोंबिवलीच्या हॉलमध्ये. आमच्यात धवलारीण गाणी म्हणते तेव्हा लग्न लागतं. हॉलवाला म्हणाला, वेळ नाही, गाणं नको. मी म्हटलं, मग लग्न पण नको. झाला गोंधळ. शेवटी धवलारीण गायली, चांगली पोटभर गायली. पण तेवढ्यात मुलीचा मामा कुणालातरी हळूच म्हणाला, "व्हेरी ऑब्स्टिनेट मॅन." आणि चारजण हसले.

मला शब्द कळला नाय, हसणं कळलं. पंगत बसली, मी बसलो नाही. मुलाच्या आईनं लग्नात रुसायचं असतं, मग मुलीकडच्यांनी काहीतरी देऊन तिची समजूत काढायची, ही रीत. आमची मंडळी आधीच देवाघरी गेलेली, म्हणजे रुसवा माझ्या वाट्याचा. मी बाहेर चपलांच्या ढिगाजवळ खुर्ची टाकून बसलो. म्हटलं, त्या शब्दाचा अर्थ सांगा, तर उठीन. एक आला, म्हणाला, ऑब्स्टिनेट म्हणजे मोठ्या मनाचा. दुसरा म्हणाला, मानी. तिसरा म्हणाला, शर्टाचं कौतुक करत होते. मी काय खुळा? तेवढ्यात विहीणबाई स्वतः ताट घेऊन आल्या. उभ्या राहूनच म्हणाल्या, "हट्टी. अर्थ हट्टी असा आहे. आणि भाऊ बोलला ते खोटं नाही. जेवा आता, जिलबी गार होतेय."

सगळ्या मांडवात खरं बोलणारं माणूस एक. मी ताट घेतलं. म्हटलं, "विहीणबाई, मला टोपी-उपरणं काय नको. सणासुदीला तुमच्याकडून मानपान यायचं ते शब्दात द्या. मोठे मोठे. तुमचे ते भाऊ वापरतात तसले."

त्या म्हणाल्या, "पेलतील?"

"होडी पेलली आयुष्यभर."

तिथून सुरू. दिवाळी, संक्रांत, गुढीपाडवा... मी पिशवीत खाडीची मासळी, जिताडा किंवा बोयटं, घेऊन डोंबिवलीला जायचो आणि शब्द घेऊन यायचो. त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी. लिहायचं नाही. अर्थ नुसता पाठ करायचा नाही. शब्दासाठी माणूस शोधायचा. म्हणायच्या, "शब्द माणसाला बसला की तुमचा झाला. आणि चारजणांना सांगितलात की पक्का झाला." यूबिक्विटस, म्हणजे जाल तिथं हजर. मी म्हटलं, आमचा सदू! बारसं, मयत, भांडण, कुठंही जा, सदू आधीच उभा. गॅरुलस, म्हणजे तोंडाची टकळी न थांबणारी. हा शब्द सांगताना त्यांची नणंदच समोर चहा पीत बसलेली. विहीणबाईंनी नुसते डोळे तिकडं वळवले, आणि ती बाई मला म्हणाली, "ऐका हो व्याही, हिचं ऐका, फार छान शिकवते, मला पण लग्न झाल्यावर..." आणि अर्धा तास बोलत राहिली. माझा चहा नाकातून आला. प्रोक्रॅस्टिनेट, म्हणजे आजचं उद्यावर टाकणं. त्याला मी वसंता धरला. घरातला गळका नळ ठिबकला की मी आतून ओरडायचो, "वश्या, प्रोक्रॅस्टिनेट!" तो म्हणायचा, "बाबा, शिव्या तरी मराठीत द्या ना."

एकदा आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय काय, तर गच्चीवर सुकी मासळी वाळत घालायला बंदी. वाळत घालणारा मीच. सेक्रेटरी पटपट वाचत गेले आणि शेवटी, "रिझोल्युशन युनॅनिमसली पास." शब्द मला संक्रांतीलाच मिळालेला, म्हणजे सगळ्यांचं एकमत. मी उठलो. म्हटलं, "युनॅनिमस कसं? माझा हात खाली आहे. बघा." सगळे माझ्या हाताकडं बघायला लागले. कुणीतरी खो खो हसलं, मग अजून दोन-तीन हात खाली आले. ठराव पुढच्या मीटिंगला गेला, तो अजून पुढच्याच मीटिंगला आहे. हे मी डोंबिवलीला जाऊन सांगितलं तेव्हा विहीणबाई इतक्या हसल्या की शेजारच्या मालूताई धावत आल्या, बाईंना काय झालं म्हणून. त्यांचं हसणं तसंच. आधी खांदे हलायचे, आवाज नाही, मग एकदम... आणि खोलीत असेल तो हसायला लागायचा, कारण माहीत नसलं तरी.

पण बाई पक्की मास्तरीण. एका दिवाळीला मला म्हणाल्या, "व्याहीबुवा, इतकी वर्षं आहेर नेताय, उलटा आहेर कुठाय? मला एक शब्द द्या. मला बसेल असा. आणि मी शिकवलेला चालणार नाही." माझ्या जिव्हारी लागलं. आमच्या घराण्यात आहेर परत केला नाही असं झालेलं नाही. मग मी मागंच लागलो. टीव्हीवरून एक उचलला, इन्डिस्पेन्सेबल, म्हणजे ज्याच्यावाचून अडतं. त्या म्हणाल्या, "कुणावाचून कुणाचं अडत नाही. नापास." इंग्रजी अक्षरं मी पाट्यांवरून लावायला शिकलेलो, तर न्हाव्याच्या दुकानातल्या इंग्रजी पेपरातून व्हेनरेबल नेला, म्हणजे वयानं मानाचा. "सरळ म्हातारी म्हणा की! नापास." मॅग्निफिसंट नेला. "मी काय राजवाडा आहे? नापास." असं दोन-तीन वर्षं चाललेलं. स्मिता म्हणायची, बाबा, मी सांगते एखादा. मी म्हटलं, खबरदार. उसना आहेर मी करणार नाही.

यंदा विहीणबाईंना हृदयाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी जिना बंद केला, मासळी पण बंद केली, म्हणजे माझी पिशवी रिकामी. मी मनात घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. वेळ कमी आहे आणि माझ्याकडं शब्द नाही. त्यातच एकदा औषधाच्या दुकानात उभा असताना काचेमागं एका नळीवर लांबलचक शब्द दिसला. एक एक अक्षर जोडत वाचला... एफर्व्हेसंट. दुकानदाराला म्हटलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "गोळी आहे, बाबा." म्हटलं, "गोळी दिसतेय. अर्थ सांग." शेवटी वैतागून त्यानं ग्लासभर पाणी घेतलं आणि त्यात गोळी टाकली. पांढरी, चपटी, गुमान पडलेली ती गोळी पाण्याला लागली मात्र, अशी उसळली, फसफसली, सगळं पाणी नाचायला लागलं! मी काउंटरवर हात आपटला. म्हटलं, "ही तर आमची विहीण!"

शनिवारी गेलो. त्या उशीला टेकून बसलेल्या, चेहरा उतरलेला. मी शब्द सांगितला. त्या म्हणाल्या, "वाक्यात वापरा." मी म्हटलं, "सुमनताई एफर्व्हेसंट आहेत. एकट्या असल्या की गप्प, माणसांत पडल्या की फसफसतात, आणि मग माणसं पण फसफसतात." त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "उद्या सांगते. नवं लुगडं नेसून बघावं लागतं, मग कळतं बसतंय का."

रविवारी डोंबिवलीच्या त्या जिन्यात माणसं मावत नव्हती. मी भिंतीला टेकून उभा. मालूताई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "व्याही, काल तुम्ही गेल्यावर बाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, मालू, मी एफर्व्हेसंट आहे, माहीत आहे का तुला? मग खिडकीतून खालच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं. मग बहिणीला फोन केला, मग दूध द्यायला आला त्याला. रात्री आमच्या ह्यांना बोलावून विचारलं, मी आहे ना हो तशी? शेवटी मीच म्हटलं, बाई, झोपा आता..."

चारजणांना सांगितला. म्हणजे पक्का झाला. मला तिथं, तिरडी बांधत होते तिथं, हसू फुटलं. आधी खांदे हलले. लोकांना वाटलं, म्हातारा रडतोय. दोन्ही खरं होतं.

सोमवारी सकाळी मी लवकर आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि ठाण्यात हलवायाचं दुकान उघडायची वाट बघत उभा राहिलो. बरोबर आलेला वसंता म्हणाला, "बाबा, सुतकाच्या घरी पेढे? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू दे." डोंबिवलीला पोचलो. आधी खाली इस्त्रीवाल्याला पेढा दिला. त्यानं इस्त्री उभी केली, पेढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कसले हो, बाबा?"

"पास झालो," म्हटलं, आणि खोका घेऊन जिना चढायला लागलो.