मनूच्या वाट्याची ओळ

दर रविवारी सकाळी साडेदहाला रत्नागिरीच्या झाडगावात हरिहररावांच्या घरी बंगळुरूहून मुलाचा, देवदत्तचा व्हिडिओ कॉल येई. त्याआधी दहा मिनिटं विमलाबाई साडी बदलून, केसांवरून फणी फिरवून तयार होत. मनस्विनी हे कित्येक वर्षं बघत आली होती. ती स्वतः रोज संध्याकाळी दुकान बंद करून आई-वडिलांकडे जाई. बाबांच्या गोळ्या, विजेचं बिल, डोळ्यांचे डॉक्टर, सगळं तिच्याकडे. पण तिच्यासाठी आईने कधी फणी फिरवली नव्हती. रोज येणाऱ्या माणसासाठी कोण फिरवील, अशी ती मनाची समजूत घाली, आणि समजूत घालूनही ते तिला टोचत राही.

मनस्विनीचं कोर्टाजवळच्या गल्लीत टायपिंगचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाकावर सदा वाट बघत बसलेली दोन-चार माणसं. प्रतिज्ञापत्रं, करारनामे, वारसनोंदीचे अर्ज असलं काम. वकील दारातूनच ओरडतात, "मॅडम, अर्ध्या तासात हवंय," आणि ती ते अर्ध्या तासात देते. हे दुकान तिने बावीस-तेविसाव्या वर्षी काढलं. तेव्हा कॉम्प्युटरसाठी तिने बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले, "आधी चालतं का बघ, मग बघू." तिने चिपळूणच्या बंद पडलेल्या एका क्लासकडून जुना कॉम्प्युटर आणला. त्याच वर्षी तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा देवदत्त इंजिनिअरिंगला गेला, आणि त्याच्यासाठी घरात कोरा करकरीत कॉम्प्युटर आला. ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे विसरली, असं घरात सगळ्यांनी धरलं.

हरिहरराव जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर देवदत्तने त्यांना लॅपटॉप आणून दिला होता. त्यालाही आता अकरा वर्षं झाली. त्यावर ते सहा वर्षं घराण्याच्या कुलवृत्तांत समितीसाठी रत्नागिरी शाखेचा कुलवृत्तांत टाइप करत होते. नऊ पिढ्यांतलं कोण कुठे जन्मलं, कुणी काय शिकलं, कोण कुठे गेलं, याची सगळी नोंद. तारखा मिळवायला ते गुहागरला गेले, मुरुडला गेले. गाडी मनस्विनी चालवायची. ते माजघरात बसून म्हाताऱ्यांना प्रश्न विचारत आणि ती ओटीवर बसून राही.

यंदा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर सूचना येऊ लागली, की या विंडोजची मुदत संपते आहे आणि नवी विंडोज या लॅपटॉपवर चालणार नाही. हरिहरराव घाबरले. त्यांनी देवदत्तला फोन लावला.

"बाबा, टाकून द्या तो आता," देवदत्त म्हणाला. "दिवाळीला येताना नवा घेऊनच येतो."

संध्याकाळी मनस्विनी गेली तोवर ही बातमी शेजारी, दूधवाला आणि पोस्टमन अशा तिघांना कळली होती. चौथी ती.

"देवा नवा लॅपटॉप आणतोय हो," विमलाबाईंनी दार उघडता उघडता सांगितलं.

"ऐकलं. फाटकातच ऐकलं," मनस्विनी चपला काढत म्हणाली. "बाबा, या लॅपटॉपला काही झालेलं नाही. आतली डिस्क जुनी झाल्ये, ती बदलायची. विंडोजच्या जागी लिनक्स घालायचं, ते फुकट मिळतं. दोन हजारांत आणखी चार-पाच वर्षं चालेल."

"देवाला विचारतो," हरिहरराव म्हणाले.

"देवाला काय विचारायचं? दुकानातले दोन्ही मीच असे चालवत्ये."

"तू टायपिंग करतेस गो. तो त्यातला इंजिनिअर."

ते सहज बोलले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चार दिवस द्या मला," ती म्हणाली. "नाही जमलं तर येतोच आहे तुमचा देवा दिवाळीला रविवारी."

"असं काय बोलतेस मने?" विमलाबाई म्हणाल्या.

"कसं बोलल्ये?"

मंगळवारी ती लॅपटॉप दुकानात घेऊन गेली. त्या दिवशी तिने प्रतिज्ञापत्रं मागे ठेवली, हे तिच्या हातून क्वचितच होई. मागचे बारके स्क्रू काढून जुनी डिस्क बाहेर काढली, नवी बसवली, पेनड्राइव्हवरून लिनक्स घातलं. बाबांच्या सगळ्या फाइल त्यात उतरवल्या. सगळ्या सूचना मराठीतून येतील असं केलं, अक्षरं मोठी केली, कुलवृत्तांताची फाइल उघडायची खूण पडद्यावर मधोमध ठेवली. हे सगळं करताना डोक्यात एकच होतं, की रविवारी देवा नवाकोरा खोका हातात घेऊन दारात उभा राहील आणि बाबा म्हणतील, कशाला आणलास रे, मनूने केलाय की. हे वाक्य तिने मनात इतक्या वेळा म्हणून घेतलं, की घरी नवऱ्याने, सलिलने, विचारलं, "एकटीच का हसतेस?"

गुरुवारी संध्याकाळी तिने लॅपटॉप बाबांसमोर ठेवला. पूर्वी तो सुरू व्हायला इतका वेळ लागे, की हरिहरराव कळ दाबून हातपाय धुऊन येत. आता ते खुर्चीत नीट टेकायच्या आत पडदा तयार.

"अगो! उघडलासुद्धा?"

"उघडला," ती म्हणाली. आईकडे बघायचं तिने मुद्दाम टाळलं.

हरिहररावांनी चष्मा पुसला आणि मधली खूण दाबली. कुलवृत्तांताचं पहिलं पान उघडलं. त्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. डोक्यावर टिंबं आणि रेघा असलेली तिरपागडी इंग्रजी अक्षरं ओळीच्या ओळी भरून पसरली होती. त्यांनी खाली सरकवलं. दुसरं पान तसंच. शंभरावं पान तसंच.

"मनू, हे काय?"

काय झालं ते तिला बघताक्षणीच कळलं. जुन्या पद्धतीने टाइप केलेलं मराठी ज्या फॉण्टमध्ये केलं त्याच फॉण्टमध्ये दिसतं. तो मशीनवर नसला की असा पाला दिसतो. कोर्टाच्या गल्लीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. नवं मशीन आलं की फॉण्ट घालणं हे तिचं पहिलं काम. आणि नेमकं बाबांच्या लॅपटॉपवर, देवाच्या आधी पोचायच्या नादात, तिला तेच सुचलं नव्हतं.

ती तोंड उघडणार तोवर हरिहररावांनी फोन लावला होता.

"देवा, अरे सगळं गेलं रे. सहा वर्षांचं. परवा शनिवारी छापखान्यात द्यायचंय."

"काही गेलं नसेल बाबा. ताई आहे का तिथे? ताई, बाबांच्या ऑफिसचा जुना फॉण्ट घातलास का?"

"घालणारच होत्ये," मनस्विनी म्हणाली.

"जुनी डिस्क टाकली नाहीस ना?"

"मला काय अक्कल नाही? दुकानात खणात आहे."

"मग झालं तर. त्यातून घे. बाबा, पाणी प्या तुम्ही."

त्याचा आवाज इतका शांत, इतका समजूतदार होता, की त्यापेक्षा तो ओरडला असता तर तिला परवडलं असतं. फोन ठेवल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "म्हणून म्हणत होत्ये, देवाला विचारा." मनस्विनीने लॅपटॉप पिशवीत घातला आणि चहा न घेता निघाली.

शुक्रवारी सकाळी आठलाच तिने दुकान उघडलं. आधी स्वतःच्या मशीनवरचे फॉण्ट घालून पाहिले. अर्धे शब्द जुळले आणि अर्धे वेडेवाकडे दिसले. जिल्हा परिषदेचा फॉण्ट निराळाच होता. शेवटी जुनी डिस्क वायरने जोडली, शोधून शोधून तो फॉण्ट काढला आणि लॅपटॉपवर घातला. फाइल पुन्हा उघडली. नऊ पिढ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

तिने मोठा श्वास सोडला. मग सगळं नीट दिसतंय ना, हे बघायला एकेक पान वाचू लागली. वाचता वाचता स्वतःच्या घरावर आली.

देवदत्तच्या अकरा ओळी होत्या. चौथीची शिष्यवृत्ती, दहावीचे गुण, पदवी, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, जर्मनीतली दोन वर्षं, बायकोचं माहेर आणि तिचं शिक्षण, मुलाचं नाव, छंद. त्यांच्याखाली एक ओळ होती:

कन्या : मनस्विनी (भ्र. सलिल), रत्नागिरी.

भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. तिने परक्या लोकांची हजारो नावं टाइप केली होती. करारनाम्यातल्या साक्षीदारालासुद्धा वय, धंदा आणि पत्ता असतो, हे तिच्या मनात आलं. तिने मागची पानं चाळली. साऱ्या घराण्यातल्या मुली अशाच एकेका ओळीत बसल्या होत्या. त्याने तिचं समाधान झालं नाही. त्या मुली बाबांना गाडीतून गुहागरला घेऊन गेल्या नव्हत्या.

अकरा वाजता ती झाडगावात होती. हरिहररावांनी पान उघडून बघितलं, पडद्यावर बोट ठेवून दोन-चार नावं मोठ्याने वाचली, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झालं गो बाई. सगळं जसंच्या तसं."

"सकाळी तुझा फोन आला तेव्हाच देवाला सांगितलं यांनी, नवा आणू नको म्हणून," विमलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घेतलासुद्धा असेल बिचाऱ्याने."

चार दिवस ज्या वाक्याची तिने वाट पाहिली होती ते असं फोडणीच्या आवाजात येऊन गेलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती ओळच होती.

"बाबा, देवाच्या अकरा ओळी. माझी एक का?"

हरिहररावांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "मुलींची तशीच लिहितात. त्यांचं पुढचं त्यांच्या सासरच्या कुलवृत्तांतात येतं."

"सलिलच्या घराण्याचा कुलवृत्तांत कुणी केलेला नाही. म्हणजे मी कुठेच नाही."

"समितीचा नियम आहे गो."

"रत्नागिरीची समिती म्हणजे कोण? तुम्हीच ना?"

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. हरिहररावांनी टक्कल खाजवलं, चष्मा वर केला, खाली केला.

"बरं. सांग, काय लिहू?"

"तुम्ही लिहा. देवाचं त्याला विचारून लिहिलंत?"

हे त्यांना लागलं असावं. ते पडद्याकडे वळले. मग दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, टाइप करू लागले. जन्मसाल. बी. कॉम. मराठी टंकलेखन परीक्षा, मिनिटाला चाळीस शब्द. हे तिने त्यांना कधी सांगितलं होतं ते तिलाच आठवेना. रत्नागिरीत टंकलेखनाचा स्वतःचा व्यवसाय, सन २००१ पासून. यजमान एस. टी. च्या सेवेत. मग ते थांबले, आणि पुढे लिहिलं : आई-वडिलांचे सर्व हीच पाहते.

ती मागे उभी राहून वाचत होती. इतक्यात हरिहररावांनी मान वाकडी करून ते वाक्य पुन्हा वाचलं आणि शेवटापासून एकेक अक्षर खोडत नेलं.

"का खोडलंत?"

"देवा वाचील गो. त्याला वाईट वाटेल."

मनस्विनीने पिशवी उचलली. छापखान्याला फाइलबरोबर कागदावर छापलेली प्रतही हवी होती, म्हणून तिने फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुकानात आली. बाकावर तीन माणसं थांबली होती. त्यांना दहा मिनिटं बसायला सांगून तिने ते पान उघडलं. बोटं कळांवर ठेवली. तेवढं एक वाक्य घातलं तर बाबांना कळणारही नाही, पुस्तक छापून येईपर्यंत. पण पक्षकाराच्या मजकुरात आपला शब्द घालायचा नाही, हा तिचा धंद्यातला नेम होता. एवढ्या वर्षांत कुणा वकिलाला तिच्या कागदात एक शब्द जास्तीचा सापडला नव्हता. तिने बोटं उचलली आणि फोन घेतला.

"बाबा, ते वाक्य मला हवंय. ते खरं आहे ना?"

पलीकडून आईचा आवाज आला, "हो म्हणा ना तिला. कशाला अडवताय?"

"खरं आहे," हरिहरराव म्हणाले. "घाल. पण एका घराला एकच पान, नियम आहे. पान भरलंय, ओळ पुढच्या पानावर जाईल. एक कुठली तरी कमी करावी लागेल."

"कुणाची करू?"

"तूच बघ," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिने ते वाक्य शब्दाला शब्द घातलं. मग देवाच्या अकरा ओळी सावकाश वाचल्या, एखादी मिठाई निवडावी तशा. शिष्यवृत्ती त्याने खरीच मिळवली होती. गुण खरे होते. जर्मनीही खरी होती. शेवटची ओळ होती : छंद गिर्यारोहण. लहानपणी रत्नदुर्ग किल्ला चढताना निम्म्या वाटेवर बसून जो "ताई, मला घे" म्हणून रडायचा, त्याचा छंद गिर्यारोहण.

तिने ती ओळ खोडली. खोडताना आपल्याला इतकं बरं वाटायला नको होतं, हे तिला समजत होतं. तरी वाटलंच. मग तिने प्रत छापायला घातली आणि बाकावरच्या पहिल्या माणसाला विचारलं, "हां, बोला काका, काय लिहायचंय?"