साडूंनी निवडलेले बूट

माझ्या साडूंइतका दुसऱ्यांच्या पायांचा विचार करणारा माणूस साऱ्या अमिरातींत सापडणार नाही, आणि अशा माणसाला मी पाच महिने खोटं पाडून बसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे, तुम्ही हसाल, तेव्हा हसण्यासारखा माणूस नक्की कोण होता याबद्दल गैरसमज नको. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मोटरसायकलवरून पडून माझा डावा घोटा मोडला. मी सगळ्यांना सांगितलं की साडूंनी निवडून दिलेले बूट कुचकामी निघाले. बूट उत्तम होते. डाव्या बुटाची बक्कलं मी लावली नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते मला साडूराव म्हणतात. रुवैसच्या एका कारखान्यात त्यांनी जवळजवळ तीस वर्षं सेफ्टीत काढली. शुक्रवारी दुपारी ड्युटी संपली की साडेतीन तास गाडी हाकत ते दुबईत अल मनखूलला यायचे, कारण ताईंचं घर तिथे, आमच्याच इमारतीत, आमच्या दोन मजले वर. तीस वर्षं कामगारांनी सेफ्टी शूज घातलेत की नाहीत हे बघून बघून त्यांची मान कायमची थोडी खाली झुकलेली. नव्या माणसाला वाटायचं, किती लाजाळू गृहस्थ! प्रत्यक्षात ते त्याच्या चपला वाचत असायचे. एकदा लिफ्टमध्ये आमच्या नव्या शेजाऱ्यांशी, म्हणजे एका बँकेतल्या बऱ्यापैकी मोठ्या साहेबांशी, मी त्यांची ओळख करून दिली. साहेबांनी हात पुढे केला. अण्णांनी तो हातात घेतला आणि खाली बघत विचारलं, “तुमची उजवी टाच बाहेरच्या बाजूने झिजते. गुडघा दुखतो का?” साहेब चौथ्या मजल्यावर उतरायचे ते घाईघाईने दुसऱ्यावरच उतरले. पुढच्या आठवड्यात मात्र गुपचूप वर जाऊन गुडघ्याचं सगळं सांगून आले. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळे अनवाणी उभे असतात, त्यामुळे तो अण्णांचा वर्षातला मोठा अभ्यासाचा दिवस. टाळ्या वाजवत, नजर जमिनीवर ठेवून ते असे तल्लीन व्हायचे की बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. प्रसाद घेताना ते माझ्या कानाशी येऊन सांगायचे, “साडूराव, खजिनदारांच्या पायाला कमानच नाही हो!”

असा माणूस पंचावन्नाव्या वर्षी मोटरसायकलकडे वळला, तीही डोंगरातल्या खडीवरून आणि वाळूतून नेता येईल अशी उंच, जाडजूड मोटरसायकल. आम्हा सात-आठ मराठी माणसांचा शनिवार सकाळचा ग्रुप त्यांनीच जमवला. बाकीचे लोक इंजिनाबद्दल, टायरबद्दल बोलायचे. अण्णांचा विषय एकच. “हेल्मेट माणूस लोकांनी बघावं म्हणून घेतो आणि बूट उरलेल्या पैशांत घेतो,” ते म्हणायचे, “आणि पडताना गाडी नेमकी पायावर पडते.” रास अल खोरला वर्कशॉपांच्या गल्लीत मोटरसायकलच्या सामानाचं एक गोदामवजा दुकान आहे. तिथला मल्याळी सेल्समन अण्णांना दारात बघितलं की हात जोडायचा. “सर, आज कौन सा तोडेगा?” अण्णा त्याच्याकडे लक्ष न देता एका हातात टाच, दुसऱ्या हातात पुढचं टोक धरून, ओलं धोतर पिळावं तसा बूट पिळायचे. पिळला गेला तर “हा बूट नव्हे, मोजा आहे” म्हणून परत ठेवायचे. मग घोट्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबायचे. “आत माझे अंगठे एकमेकांना भेटले, तर बाहेरचा दगड आणि तुमचं हाड भेटायला कितीसा वेळ?” मग तळ वाकवून बघायचे, कारण खडीवर तासन्‌तास फुटरेस्टवर उभं राहून गाडी चालवायची असते आणि मऊ तळ असला की तळव्याला गोळे येतात. पिशवीत ते जुन्या गाडीचा गिअरचा दांडा घेऊन हिंडायचे. बुटाचं जाड टोक त्या दांड्याखाली सहज सरकतं का, हे दुकानात जमिनीवर बसून बघायचे. एका गिऱ्हाइकाने त्यांनाच दुकानाचा माणूस समजून विचारलं, हा वॉटरप्रूफ आहे का? अण्णांनी मान वर न करता उत्तर दिलं, “हबीबी, इधर पानी बाहर से नहीं आता, अंदर से आता है. पसीना.” ते गिऱ्हाईक गेलं. सेल्समनने कपाळावर हात मारला.

मी पन्नाशीला टेकल्यावर मोटरसायकल घेतली तेव्हा माझे बूट तेच निवडणार हे ठरलेलंच होतं. सकाळी दुकानात जायला त्यांनी साफ नकार दिला. “सकाळचा पाय खोटं बोलतो. उन्हात दिवसभर फिरून सुजला की खरा आकार कळतो.” म्हणून मला शनिवारी दुपारभर देरा, बर दुबई असं पायी फिरवून, संध्याकाळी जाड मोजे घालायला लावून त्यांनी दुकानात नेलं. मला एक तपकिरी, मऊसूत जोड फार आवडला होता. ऑफिसलाही चालला असता. अण्णांनी तो पिळला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी स्वतःच परत ठेवला. शेवटी तीन बक्कलांचा, नडगीवर ताठ ढाल असलेला, घोट्याशी लाकडासारखा टणक असा काळा जोड माझ्या पायात आला. बाराशे दिरहम. “म्हणजे एकोणतीस हजार रुपये!” बरोबर आलेली बायको दुकानातच मोठ्याने म्हणाली, “एवढ्यात माझ्या बाबांनी स्कूटर घेतली होती.” ते बूट घरात घालून पायात रुळवायचे असतात, म्हणून पंधरा दिवस मी संध्याकाळी हॉलमध्ये धाड धाड फिरत होतो. खालच्या मजल्यावरच्या पाकिस्तानी कुटुंबाने नम्रपणे विचारलं, की आपल्याकडे काही बांधकाम चाललंय का?

आता बक्कलांकडे येतो. चहासाठी थांबलो की निघण्यापूर्वी अण्णा हजेरी घ्यायचे. प्रत्येकाकडे वळून एकच शब्द, “बक्कलं?” आणि प्रत्येकाने म्हणायचं, “लावली!” पोरकटपणा वाटायचा, पण कोणी चुकवायचं नाही. त्या शनिवारी हत्ताच्या डोंगरांकडे जाणाऱ्या वाटेवर पेट्रोल पंपाजवळच्या टपरीवर आम्ही करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घेतला. बूट घालून पाय दुमडता येत नाहीत, म्हणून मी डाव्या बुटाची तिन्ही बक्कलं सोडून, तो पाय दुमडून आरामात बसलो. इतक्यात कोणीतरी “यल्ला, यल्ला” ओरडलं, सगळे उठले. बक्कलं लावायची म्हणजे वाकायचं, आणि वाकायचं म्हणजे माझं पोट आडवं येतं. हेल्मेट चढवून झालं होतं, ग्लोव्हज घातले होते. माझा डावा पाय गाडीच्या आड होता. अण्णांनी विचारलं, “साडूराव, बक्कलं?” मी म्हणालो, “लावली.”

पाच-सहा किलोमीटरवर वाळलेल्या ओढ्यातल्या गोट्यांत माझी गाडी बंद पडली. वेग म्हणाल तर माणूस चालतो तेवढासुद्धा नव्हता. गाडी डावीकडे झुकली, मी पाय टेकवला, उघड्या बुटात पाय आडवा फिरला आणि गाडी त्याच्यावर आली. मी शेवटचा होतो, बाकीचे पुढे गेले होते. कसाबसा पाय गाडीखालून ओढून बाहेर काढला. त्यानंतर मी जे केलं ते आजवर इतक्या स्पष्टपणे लिहिलं नाही. लांबून अण्णांच्या गाडीचा परत येणारा आवाज ऐकू आला आणि मी उठून बसलो, मोडलेल्या घोट्यावर बूट दाबून बसवला आणि एकेक करून तिन्ही बक्कलं लावली. सकाळी ज्या पोटामुळे वाकता आलं नव्हतं, त्या पोटाने त्या वेळी मुकाट वाट दिली. वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी तिसरं बक्कल मी लावलंच. अण्णा गाडी टाकून धावत आले आणि सवयीने आधी बुटांकडे बघितलं. “बक्कलं तर लावलेली आहेत,” ते हळूच म्हणाले. मी म्हणालो, “लावली होती हो अण्णा. तरी मोडला.”

हॉस्पिटलात बायको म्हणाली, “भाऊजींनी एवढं ठासून सांगितलं, आणि हे असं?” मी मान डोलावली. माझी मुलगी बारावीत, सायन्सला. ती प्लास्टरकडे बघत म्हणाली, “बट बाबा, हाउ डज अ क्लोज्ड बूट डू दॅट?” मी तिला म्हटलं, तू अभ्यास कर. अण्णांनी मात्र तोच प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तर मिळेना. माझे बूट ते वर घेऊन गेले. पिळले, दाबले, आणि शेवटी बाल्कनीत बसून करवतीने डावा बूट उभा चिरला. वॉचमन आवाज ऐकून वर आला. “साब, क्या काट रहा है?” “जूता.” तो आल्या पावली परत गेला. चिरलेल्या बुटात काहीच दोष नव्हता, आणि अण्णांनी त्याचा अर्थ असा लावला की दोष आपल्या पारखीत आहे. पुढच्या शनिवारी ते सगळ्यांना म्हणाले, “माझी निवड चुकली. यापुढे मला कोणी बुटांचं विचारू नका. खलास.” हजेरी बंद झाली. पिशवीतला गिअरचा दांडा भंगारात गेला. ताई बायकोला सांगायच्या, हल्ली हे जेवताना मध्येच थांबतात आणि ‘कुठे चुकलं’ म्हणतात. हे मी ऐकायचो आणि काहीतरी निमित्त काढून खाली निघून यायचो. सहा आठवड्यांत माझं प्लास्टर निघालं. खरं सांगायला रोज एक दिवस मिळत होता, आणि रोज मी तो घालवत होतो.

एप्रिलमध्ये अण्णांची नोकरी संपली. तीन आठवड्यांनी दोघं कायमची चिपळूणला जाणार होती. रविवारी दुपारी ताईंनी आम्हाला आणि ग्रुपमधल्या पुण्याच्या डेंटिस्टला जेवायला बोलावलं. हॉलमध्ये कार्गोची खोकी रचलेली, मधे टेबलावर कोलंबीचं कालवण. डेंटिस्ट दुसऱ्या दिवशी मोटरसायकलने ओमानच्या डोंगरात निघणार होता. नवे बूट हौसेने बरोबर घेऊनच आला होता. तपकिरी, मऊ, मी ज्यांच्यावर भाळलो होतो त्या जातीचे. “अण्णा, कसे आहेत सांगा ना? दिवसभर घातले तरी पायात काही आहे असं वाटत नाही.” अण्णांनी ते हातात घेतले नाहीत. पिळले नाहीत. त्यांनी मान वर करून डेंटिस्टच्या चेहऱ्याकडे बघितलं, वीस वर्षांत मी त्यांना असं कोणाच्या चेहऱ्याकडे बघताना प्रथमच पाहिलं, आणि म्हणाले, “छान आहेत. रंग छान आहे.”

“हे बूट घालून जाऊ नकोस,” मी डेंटिस्टला म्हणालो. मग थांबता येईना. टपरीवर बक्कलं सोडल्यापासून ओढ्यात ती लावेपर्यंत सगळं सांगितलं. ऊन होतं, घाई होती, पोट आडवं आलं, सगळे पुढे गेले होते, एकही कारण सोडलं नाही. बायको नुसतं “काय?” म्हणाली. मुलगी म्हणाली, “आय न्यू इट.” ताई ताडकन उठल्या. “अहो, पाच महिने! पाच महिने ह्या माणसाने स्वतःला खाल्लं! आणि तुम्ही आमच्याच घरी बसून माझ्या हातचं जेवत होतात?”

अण्णांनी हात धुतले आणि परत येऊन समोर बसले. कारखान्यात अपघाताची चौकशी करत असतील तशा आवाजात विचारू लागले.

“किती बक्कलं उघडी होती?”

“तिन्ही.”

“मी विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही.”

“आणि लावली पडल्यावर?”

“हो.”

“घोटा मोडलेला असताना? तिन्ही?”

“हो.”

त्यांची नजर टेबलाखाली माझ्या डाव्या घोट्याकडे गेली. मला वाटलं, आता चांगलंच झापतील, आणि झापावंच असं वाटत होतं. मग ते म्हणाले, “फार दुखलं असेल हो, साडूराव.”

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. अण्णा चिपळूणला रमले आहेत. परवा फोनवर त्यांनी एका एसटी ड्रायव्हरच्या चपलांबद्दल मला पंधरा मिनिटं सांगितलं, आणि मी एकदाही घड्याळ बघितलं नाही. शनिवारी आम्ही निघतो तेव्हा ग्रुप थोडा पोरका वाटतो. पण त्यांची आठवण आली की मला ते त्या दुपारी खोक्यांच्या पसाऱ्यात समोर बसलेलेच दिसतात, माझ्या लबाडीत शिरून माझी वेदना शोधून काढणारे. माझी कारणं तोवर सगळी सांगून संपली होती. एकही उरलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तिथेच, त्यांच्यासमोर, पुढचं मला सरळ बोलता आलं.

“अण्णा, तुमची निवड चुकली नव्हती. मी खोटं बोललो, आणि तुम्ही स्वतःला दोष देत होतात तेव्हाही गप्प बसलो. मला माफ करा.”