हिलरीच्या ताटामागचा ठोकळा

आमच्या निर्मळ गावात लेथवर लाकूड कातणारे दोघंच. एक मी, फ्रान्सिस, आणि दुसरा तो हिलरी. काम माझं चांगलं, नाव त्याचं मोठं. असं का, ते मला विचारू नका, माझं डोकं फिरतं.

हिलरी अंगाने काडी, पण तोंडाचा गोड. पाळण्याचे दांडे मागा, चौरंगाचे पाय मागा, हसून "हो" म्हणणार. वेळेवर एक वस्तू देणार नाही, तरी गिऱ्हाईक त्याच्याच दारात. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटवाल्या बायका माझ्या दुकानावरून स्कूटर पुढे काढून त्याच्याकडे जायच्या. मी माझ्या बायकोला, रोझलीनला, एकदा विचारलं, "त्याच्यात असं आहे तरी काय?" ती म्हणाली, "तो गिऱ्हाइकावर खेकसत नाही." घ्या!

दोन हजार साली चर्चच्या आवारातला जुना फणस पडला. फादरांनी ठरवलं, त्याच्या अखंड फळीचं मोठं ताट करायचं आणि सणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, अर्पणाची केळी, फुलं त्यातून न्यायची. धड फळी एकच निघाली. ती बिघडली तर दुसरी नाही. आणि दिली कोणाला? हिलरीला! मला जेवण गोड लागेना.

फादरांची अट होती, ताटाच्या पाठीला स्क्रूचं भोक नको. म्हणजे पाठीला आधी एक ठोकळा सरसाने चिकटवायचा, स्क्रू त्या ठोकळ्यात मारून तो लेथच्या फिरत्या तबकडीला आवळायचा, आणि काम झालं की ठोकळा कापून टाकायचा. सगळा भार ठोकळ्यावर. तो सुटला की ताट भिंतीवर.

मी बघायला गेलो. खोटं कशाला सांगू, फजिती बघायलाच गेलो. हिलरी सागाचा तुकडा घेऊन बसला होता. चर्चच्या दुरुस्तीत जुन्या अल्ताराचं, म्हणजे वेदीचं, लाकूड घरोघर वाटलं होतं, त्यातला. "फ्रान्सिस, आशीर्वादाचं लाकूड आहे. देवाच्या ताटाला ह्याच्याहून चांगला ठोकळा कुठला? चालेल ना?"

सागात तेल असतं. सरस धरल्यासारखा वाटतो आणि ऐन वेळी सोडतो. मला फक्त "चालेल" म्हणायचं होतं. ताट फुटलं असतं, हिलरीचं नाव गेलं असतं, पुढचं प्रत्येक काम माझ्या दारात आलं असतं. शब्द ओठांवर आला होता, देवाशप्पथ.

पण त्याने सरसाची बाटली उघडली आणि माझं डोकंच सटकलं. "अरे गाढवा, सागाला सरस लावतोस? देवाला मध्ये कशाला आणतोस?" तो बिचारा प्लायवूड शोधायला लागला. "ठेव ते! त्याचे पापुद्रे सुटतात!" शेवटी मीच सायकल मारत घरी गेलो आणि माझ्या साठ्यातला आंब्याचा तुकडा आणला. चांगला वाळलेला, सरळ रेषांचा, गाठ नाही, चीर नाही. रंधा मारून सपाट केला, फळीच्या रेषा जिकडे, तिकडेच त्याच्या ठेवून चिकटवला. "उद्यापर्यंत हात लावलास तर बघ," म्हणालो आणि तणतणत निघालो.

ताट झालं. पिवळंधमक, काठ असा की बोट फिरवत राहावं. मिस्सा संपल्यावर सगळे हिलरीभोवती जमले. तो मोठ्याने म्हणाला, "माझं काय घेऊन बसलात? ठोकळा फ्रान्सिसने निवडला. तो नसता तर हे ताट नसतं."

सगळे माझ्याकडे वळले. मी शर्ट नीट केला. फादरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ फ्रान्सिस, आपलं श्रेय दुसऱ्याला द्यायला केवढं मन लागतं!" आणि परत हिलरीकडे गेले.

घरी जाताना रोझलीनसुद्धा म्हणाली, "हिलरीसारखा माणूस नाही हो."

लाकूड माझं, अक्कल माझी, आणि चांगुलपणा त्याचा. मेल्याने तेवढाही माझ्याकडे ठेवला नाही.